पाहणीच्या दिवशीचं पाणी

"पाणी मस्त गार होतं हां," पायऱ्या उतरता उतरता इंजिनिअर सोबतच्या मुकादमाला म्हणाला. "एवढ्या उन्हात जीवात जीव आला."

मी त्यांच्या चार पायऱ्या मागे होते. त्यांना खालच्या रस्त्यापर्यंत पोचवायला आत्याने मला पाठवलं होतं. घाटकोपरच्या त्या टेकडीवर चढताना वाट सापडते, उतरताना माणूस चुकतो. ते वाक्य कानावर पडलं आणि मला बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकते. वाटलं, साहेब खूश होऊन चाललाय, म्हणजे काम होणार. रस्त्यावर पोचल्यावर तो मला "थँक यू मॅडम" म्हणाला. मी नुसती मान हलवली. अनोळखी माणसांशी मला तेवढंच जमतं.

तो पाणी खात्याचा माणूस होता आणि आमच्या तक्रारीची पाहणी करायला आला होता. तक्रार सांगायला गेलं तर एका ओळीची होती. टेकडीच्या वरच्या भागातल्या घरांना पाणी मिळत नाही.

आत्या, म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण, त्या वरच्या भागात राहते. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरातली माणसं जागा मिळेल तिथे पांगली. बाबा शिकले, नोकरीला लागले, मुलुंडला फ्लॅट घेतला. आत्या लग्न होऊन टेकडीवर गेली ती तिथलीच झाली. मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं. घरात मराठी, बाहेर इंग्रजी आणि बऱ्याचदा दोन्ही नाही, अशी मी वाढले. आत्या मला 'आमचा मुका चेडू', म्हणजे मुकी पोर, म्हणायची. तिची मालवणी इतकी वर्षं मुंबईत राहून पातळ झाली होती, पण लाड करताना आणि चिडताना ती घट्ट व्हायची.

लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायचे. तिच्या घरात पाण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. दाराबाहेरचा निळा ड्रम वापरायचा. आत, फडकं बांधलेला हंडा पिण्याचा. आणि मोरीजवळ एक बादली, तिच्यात तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी साठायचं आणि त्याने भांड्यांचा पहिला हात निघायचा. मुलुंडला मी दात घासताना नळ चालू ठेवायचे. आत्या आमच्याकडे आली की मागून येऊन तो बंद करायची. मला तेव्हा राग यायचा.

पाणी टेकडीच्या पायथ्याच्या नळाला यायचं, सकाळी लवकर, पाऊण तास. तिथून आत्याच्या दारापर्यंत एकशे चौदा पायऱ्या. पाइपलाइन मधल्या आळीपर्यंत आलेली आहे, पण तिथले नळ ज्याच्या त्याच्या घरात, बाहेरच्यांना नाहीत. त्याच्या वर पाणी चढत नाही, पंप बसवावा लागेल, पंपाला जागा लागेल, जागा कोणाची ते आधी ठरवावं लागेल, असं खातं सांगायचं. हे 'लागेल' मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. त्याची सवय सगळ्यांना झाली होती, मलाही. तक्रारीची वेळ आली ती आत्याच्या दुखण्यामुळे.

तिचं अंग बाहेर यायला लागलं होतं. म्हणजे गर्भाशय जागेवरून खाली सरकलं होतं. बायका हे दार लोटून, हळू आवाजात बोलतात. मी तर हे शब्द लिहिण्याआधी बराच वेळ थांबले. आयुष्यभर हंडे चढवलेल्या तिथल्या बऱ्याच बायकांना हे आहे, असं मला नंतर कळलं. मी तिला सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेले होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, हात धुतले आणि पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा.

"घरी पाणी कोण भरतं?"

"मीच."

"ऑपरेशन करावं लागेल. पण त्यानंतर जड उचलायचं नाही. हंडा तर विसरूनच जा. भरायला दुसरं कोणी आहे?"

आत्याचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा-सून बदलापूरला, एका खोलीत चौघं. आत्याने 'नाही' म्हणून मान हलवली.

"मग आत्ता करून काही उपयोग नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या, फक्त दमलेल्या होत्या. "परत हंडे उचलाल, टाके सुटतील, पुन्हा इथेच याल. आधी पाण्याचं काहीतरी करा. मग या, मी करते."

त्या दिवसापासून आमच्या घरात आत्याचं ऑपरेशन आणि टेकडीवरचं पाणी या दोन गोष्टी एकच झाल्या. पाणी वर आलं तर ऑपरेशन. बाबा म्हणाले, सहा महिने मुलुंडला ये. ती आली, चार दिवस राहिली आणि परत गेली. टेकडीवर पुनर्वसनाचा सर्वे कधीही येईल असं चाललं होतं, आणि सर्वेच्या दिवशी ज्या दाराला कुलूप ते घर यादीत नाही, हे तिथे पोराटोरांनाही पाठ आहे. "सहा महिने कुलूप लावू?" ती म्हणाली. "मग बरी होऊन राहू खंय? तुझ्या बापाच्या गॅलरीत?"

शेजारची वहिनी कधी कधी एखादा हंडा आणून द्यायची. वहिनी म्हणजे आत्याच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, शिवणकाम करणारी, चाळिशीची बाई. बोलायला फटकळ. आणायची, पण तिचंही दुखणं तेच होतं, फक्त सुरुवात होती.

आयोगाचं नाव वहिनीनेच आणलं. कुठल्याशा बायकांच्या बैठकीत तिने ऐकलं होतं की अन्न, पाणी, घर, दवाखाना, शाळा हे उपकार नाहीत, हक्क आहेत, आणि हक्कांसाठी सरकारनेच एक आयोग बसवला आहे. तिथे वकील लागत नाही. कागद लिहून दिला की पुरे. त्याचं नाव लांबलचक होतं, आम्ही सगळ्या नुसतं 'आयोग' म्हणायचो.

"इंग्लिशमध्ये लिहिलं की लवकर बघतात," वहिनी म्हणाली. "काकी, तुमची भाची एवढी शिकली ती काय फक्त ऑफिसात एसी खायला?"

मी लिहिलं. तीन पानं. लिहिताना मी नेटवर खूप वाचलं. आपल्या देशाने कुठल्या कुठल्या करारांवर सह्या केल्यात, त्यात पाण्याबद्दल काय म्हटलंय, आरोग्याबद्दल काय. ते इतकं नीट मांडलेलं होतं की वाचताना मला वाटलं, हे सगळं आधीच ठरलेलं आहे, आपण फक्त आठवण करून द्यायची आहे. टेकडी, पायऱ्या, नळाची वेळ, सगळं लिहिलं. आत्याच्या दुखण्यापाशी आले आणि माझा हात थांबला. कोणीतरी पुरुष वाचेल, शिपाई वाचेल, असं काहीतरी मनात आलं. मी लिहिलं, 'हेल्थ प्रॉब्लेम्स'. दोन शब्द. पुढच्या ओळीवर गेले.

काही महिन्यांनी पत्र आलं. आयोगाने पाणी खात्याला सांगितलं होतं की जागेवर जाऊन पाहणी करा आणि अहवाल द्या. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांनीच येऊन बघायचं, हे मला चमत्कारिक वाटलं. पण सरकारी कामातलं मला काय कळतं, असं म्हणून मी गप्प बसले.

पाहणीच्या आधीचे दोन दिवस आत्याने काय केलं ते मी पाहिलं आहे, कारण मी रजा काढून तिच्याकडेच होते. तिने अंघोळ अर्ध्या बादलीवर आणली. केस धुतले नाहीत. कपडे तसेच बांधून ठेवले. पिण्याचा हंडा काठोकाठ भरून त्यावर नवीन फडकं बांधलं आणि मला बजावलं, "ह्याका हात लावू नको, साहेबांचा आसा." तो हंडा भरायला ती एक खेप जास्त गेली होती. मी म्हटलं मी जाते, तर म्हणाली, तुझ्याने अर्धा हंडा पायऱ्यांवर सांडतो. ते खरं होतं. वहिनीने आपल्या फ्रिजमध्ये दोन बाटल्या ठेवून दिल्या. आत्याने गावाहून आलेला गूळ डब्यातून काढून ठेवला.

दुपारी इंजिनिअर आला. वयाने माझ्याहून दोनचार वर्षं मोठा असेल. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल. दाराशी येऊन गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला, त्याला बोलवेना. आत्याने त्याला खुर्चीवर बसवलं, पंखा त्याच्याकडे वळवला, आणि ताटलीत वाटीभर गूळ, पितळेचा तांब्या आणि फुलपात्र घेऊन आली. तो एक फुलपात्र प्यायला, मग दुसरं. मुकादमही प्यायला. "घेवा, आणि घेवा," आत्या म्हणत होती. तिचा चेहरा मला आठवतो. उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी दिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं असेल. गावची विहीर दारात होती तेव्हा.

मग त्याने लाइन कुठे संपते ते पाहिलं, ड्रम पाहिले, मोबाइलवर फोटो काढले, छापील फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि निघाला. जाताना आत्याला वाकून नमस्कार केला. माणूस वाईट नव्हता. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण तो वाईट असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

अहवालाची प्रत सुनावणीच्या नोटिशीसोबत आली. एक पान, मराठीत. मी वहिनीच्या दारात उभी राहून वाचून दाखवली. सरकारी मराठी मी अडखळत वाचते. "पाहणीच्या वेळी संबंधित रहिवाशांकडे पिण्याचे पुरेसे व थंड पाणी उपलब्ध असल्याचे आढळून आले."

वहिनी आधी हसलीच. "थंड! मेल्याने थंडपण लिहिलं! माझ्या फ्रिजला सर्टिफिकेट दिलं की गं!" मग तिचं हसू गेलं. "वाट लागली, काकी. तुम्ही त्याला पाणी पाजलंत आणि त्याने तेच लिहिलं."

आत्या शेंगा मोडत बसली होती. "चुकीचा काय लिवल्यान?" ती म्हणाली. "पाणी थंड होता."

सुनावणी फोर्टात एका जुन्या इमारतीत होती. आत्या ठेवणीतली साडी नेसली होती. जिना चढताना मध्येच थांबून तिने ओटीपोटावर हात दाबला, मग माझ्याकडे बघून हसली, म्हणजे मी बघितलं नाही असं समजायचं. सुनावणीच्या खोलीत समोर उंचावर तीन खुर्च्या होत्या. त्यांतल्या दोन खुर्च्यांवर प्लास्टिक चढवलेलं होतं. मधल्या खुर्चीत आयोगाचे सदस्य, पांढऱ्या केसांचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर फायलींची इतकी मोठी चवड होती की ते तिच्यावरून मान उंच करून बघायचे.

आमची पाळी दुपारी आली. इंजिनिअरही आला होता, हातात तोच फॉर्म.

"अहवालात पाणी उपलब्ध असल्याचं म्हटलंय," सदस्य म्हणाले. "आणि तक्रार पाणी मिळत नाही अशी आहे. काय म्हणणं आहे, बाई?"

आत्याने पदर सारखा केला.

"सर, मला स्वतः दिलं त्यांनी," इंजिनिअर म्हणाला. "मी दोनदा प्यायलो. फॉर्ममध्ये रकाना आहे, उपलब्ध, होय किंवा नाही. मी प्यायलो तर नाही कसं लिहिणार, सर?"

"बाई, दिलंत का पाणी?"

"हो," आत्या म्हणाली. "मिया दिलंय. नाय कशाला म्हणू?"

खोलीतले दोघेतिघे हसले. सदस्य हसले नाहीत. "ते पाणी कुठून आणलं होतं?"

इथे ती सांगू शकली असती. दोन दिवसांची राखण, जास्तीची खेप, न धुतलेले केस. पण पाहुण्याला जे दिलं ते त्याच्या तोंडावर मोजून दाखवायचं नसतं, आणि पाहुणा चार हातांवर उभा होता. ती म्हणाली, "घरातला."

वहिनी पुढे सरसावली, "साहेब, ते भरून ठेवलेलं..." पण शिरस्तेदाराने तिला थांबवलं. अर्जावर सही माझी होती आणि आत्याची. दुसऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही.

सदस्यांनी माझ्याकडे बघितलं. "अर्ज तुम्ही लिहिलाय? चांगला लिहिलाय. यात हेल्थ प्रॉब्लेम्स म्हटलंय. म्हणजे नक्की काय?"

मला उत्तर माहीत होतं. एकच उत्तर होतं, आणि तेच सगळ्या अर्जाचं कारण होतं. माझ्या डोक्यात ते इंग्रजीत तयार झालं, त्याचं मराठी करायला गेले तर फक्त ते दार लोटून बोलायचे शब्द सापडले. खोलीत पंधरावीस पुरुष होते. आत्या जमिनीकडे बघत होती. तिने माझ्या ओढणीचं टोक बोटांत धरलं होतं, आणि ते 'सांग' म्हणून होतं की 'नको सांगू' म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

"कंबर दुखते तिची," मी म्हणाले.

सदस्यांनी ते लिहून घेतलं. कंबर दुखणं. मुंबईत कोणाची कंबर दुखत नाही.

थोडा वेळ ते कागद चाळत राहिले. मग चष्मा काढून, आम्हाला म्हणून नाही तर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी स्वतः येऊन बघायला हवं. पण मी सध्या एकटाच आहे. तपासाला माणसं मागितली आहेत, अजून दिलेली नाहीत. खात्यालाच विचारावं लागतं." त्यांनी लिहिलं की पुन्हा पाहणी करून सविस्तर अहवाल द्यावा. पुढची फाईल आली.

बाहेर व्हरांड्यात मी शिरस्तेदाराला विचारलं, म्हणजे आधी वाक्य मनात जुळवलं आणि मग विचारलं, "दुसरा अहवाल बरोबर आला, तर ते पंप बसवायचा आदेश देतील ना?"

"आदेश नाही, मॅडम. शिफारस. आयोग शिफारस करतो."

"आणि खात्याने ऐकलं नाही तर?"

"तर का ऐकलं नाही ते खातं कळवतं."

वहिनी मागे उभी होती. "म्हणजे हे पण आपल्यासारखेच," ती म्हणाली. "सांगायचं, आणि कोणी ऐकतं का बघत बसायचं. फरक एवढाच, यांना खुर्ची आहे. तीन आहेत, दोन तर मोकळ्याच."

त्या माणसाला राग आला नाही. त्याने आम्हाला लिफ्ट कुठे आहे ते दाखवलं.

खाली पायऱ्यांवर इंजिनिअर भेटला. तो आमची वाट बघत थांबला असावा. "मावशी, मी खोटं नाही लिहिलं हो."

"नाय रे बाबा," आत्या म्हणाली. "खराच लिवलंस." आणि त्याच्या दंडावर हात ठेवला.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसून बाहेर बघत होती. मी तिला म्हटलं, आत्या, मी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "जाव दे. इतक्या पुरषांत माझा नाव निघाला नाय, बरा झाला." आणि लगेच म्हणाली, "पण डॉक्टरीण काय म्हणात आता?" या दोन वाक्यांच्या मध्ये तिने श्वाससुद्धा घेतला नाही.

डॉक्टरबाई काही म्हणाल्या नाहीत. त्यांची बदली झाली होती. नवीन डॉक्टरांनी कागद बघितले आणि तेच सांगितलं, आधी पाण्याचं बघा. हे लिहीत असतानाही पाइपलाइन मधल्या आळीतच थांबलेली आहे.

दुसऱ्या पाहणीचं पत्र पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात आलं. तोपर्यंत आत्या फार पायऱ्या चढू शकत नव्हती. ती अर्धा हंडा घ्यायची, दर वीस पायऱ्यांवर बसायची, आणि साडीच्या आतून एक पट्टी घट्ट बांधायची. ती पट्टी ती रोज धुवायची, त्या मोरीजवळच्या बादलीत.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी पोचले तेव्हा दोघींचं भांडण चालू होतं.

"पाणी दिलंत ना काकी, तर मी तुमच्याशी बोलणार नाही," वहिनी म्हणत होती. "रिकामा तांब्या दाखवा. सांगा, नाही पाणी. एक दिवस!"

"इतको चढान इलेलो माणूस, तेका पाणीसुद्धा देव नको? गो, शत्रू इलो तरी देतत."

"तुमच्या अंगापेक्षा त्याची तहान मोठी?"

"ता वेगळा, ह्या वेगळा."

"वेगळं नाहीच आहे! हाच तर सगळा घोळ आहे!" वहिनी माझ्याकडे वळली. "तू सांग गं तिला. लिहिता येतं ना एवढं? तोंडाने सांग."

मी म्हटलं, बघू. वहिनीने कपाळावर हात मारला. फ्रिजमध्ये बाटली ठेवणार नाही, असं तिने जाहीर केलं आणि दार लावून घेतलं. आत्याने तिला दाराआडूनच सांगितलं, उद्या तू येव नको, तुझी जीभ लांब आसा.

हंडा भरलेला होता. फडकं बांधलेलं होतं.

रात्रभर मी ठरवत होते की सकाळी आत्याला नीट समजावायचं. फॉर्ममधला रकाना, होय आणि नाही. सकाळी ती पूजेला बसली, मग चूल आवरत बसली, मग मी म्हटलं चहानंतर बोलू, मग पायऱ्यांवर पावलं वाजली.

तोच इंजिनिअर. या वेळी एकटा. दाराशी येऊन गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला, तसाच. "मावशी, पुन्हा आलो."

"येवा, बसा," आत्या म्हणाली.

तो बसला. मांडीवर फॉर्म ठेवला, खिशातून पेन काढलं. वरचे रकाने तो भरून आला होता, मला दारातून दिसत होतं. मधला एक रिकामा होता. आत्या भिंतीला धरून उठली. उठताना एक हात ओटीपोटाशी गेला. हंड्यावरचं फडकं सोडलं, तांब्या बुडवला, फुलपात्र भरलं. काठापर्यंत. गुळाचा खडा वाटीत होताच.

तिने फुलपात्र पुढे केलं तेव्हा इंजिनिअरने आधी त्याच्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या फॉर्मकडे, आणि मग माझ्याकडे. त्याला सगळं समजत होतं, असं मला वाटलं. तो 'नको' म्हणू शकला असता. पण ओठ सुकले होते त्याचे, आणि बाईने पुढे केलेलं पाणी नाकारायला त्यालाही शिकवलेलं नव्हतं. त्याचा हात हळूहळू वर यायला लागला.

मी उंबऱ्यातून आत आले. त्या घरात मी कधी कोणाला अडवलं नव्हतं. आत्याचं मनगट मी धरलं, थोडं पाणी माझ्या हातावर सांडलं, आणि या वेळी वाक्य आधी इंग्रजीत आलंच नाही.

"आत्या, त्यांना पाणी देऊ नकोस," मी म्हणाले. "आपल्याकडे पाणी नाही."